भट्टीत परत जाणारा माल

कोल्हापूरच्या फाउंड्रीत रिजेक्शनचा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कास्टिंग खराब झालं तरी लोखंड कुठं जातंय? परत भट्टीत टाकायचं." ऐकायला ते खरं वाटतं, कारण लोखंड डोळ्यांसमोर तसंच पडलेलं असतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, नाहीतर शहरातलं जुनं उद्यमनगर, कुठंही जा. बाद मालाचा ढीग चार्जिंगच्या जागेशेजारी असतो आणि एक-दोन दिवसांत नाहीसा होतो. तो भंगारवाल्याला विकला असता तर पावती फाडावी लागली असती, हिशेबात आकडा उमटला असता. भट्टीत गेलेल्या मालाची पावती होत नाही. त्यामुळे ओतकामाच्या धंद्यातली सगळ्यात मोठी नासाडी वहीत कुठंच दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर मालक-सुपरवायझरची बैठकही बसत नाही.

महिन्याला पन्नास ते दोन-तीनशे टन माल काढणाऱ्या आणि सोबत थोडं मशीनशॉप सांभाळणाऱ्या कारखानदारांसाठी हे लिहितो आहे. नवं यंत्र किंवा महागडं सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी करण्याजोगं खूप काही या कारखान्यांत आहे, आणि त्यातलं बरंचसं एक वजनकाटा, दोन-तीन वीजमीटर आणि रोजची दहा मिनिटं एवढ्यावर होतं.

फक्त लोखंड परत येतं

समजा, 10 किलोचं एक पंप हाउसिंग ब्लो होलमुळे बाद झालं. भट्टीत परत जातं ते लोखंड, आणि त्यातलंही थोडं जळून स्लॅगमध्ये जाणार. ते वितळवायला लागलेली वीज परत येत नाही. साच्याच्या रेतीतलं जळालेलं बेंटोनाइट, कोळशाची पूड, कोअरचं रेझिन, मोल्डरची आणि ओतणाऱ्याची मजुरी, फेटलिंगचं ग्राइंडिंग व्हील, भट्टीच्या लायनिंगची झीज, यातलं काहीही परत येत नाही. एसजी आयर्न असेल तर त्यात घातलेलं मॅग्नेशियम दुसऱ्या वितळणीत उडून जातं, ते पुन्हा विकत घ्यायचं. दोष मशीनिंगनंतर उघडा पडला तर इन्सर्टही गेले आणि व्हीएमसीचे तासही गेले.

रुपयांत मांडून बघा. विक्रीभाव किलोला 95 रुपये आणि भंगाराचा भाव 38 रुपये धरू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. ऑर्डरी भरपूर आहेत आणि भट्टी पूर्ण वेळ चालते आहे, अशा काळात त्या एका हाउसिंगमागे 950 रुपयांची विक्री बुडाली आणि हातात 380 रुपयांचा कच्चा माल उरला. मधले 570 रुपये गेले. दिवसाला असे चाळीस नग बाद होत असतील तर तो रोजचा बावीस-तेवीस हजारांचा हिशेब आहे.

म्हणून पहिली सूचना अगदी साधी. बाद माल भट्टीत टाकायच्या आधी त्याचं वजन करा आणि त्यापुढे रुपये लिहा. नुसती टक्केवारी लिहू नका. "आज रिजेक्शन साडेसात टक्के" हे वाचून कुणाच्या पोटात गोळा येत नाही. "आज एकवीस हजार चारशे" वाचून येतो.

रोजचा एक आकडा

फाउंड्रीत मोजण्यासारखं पुष्कळ असतं, पण सुरुवातीला एकच आकडा धरा: एक टन पास झालेल्या मालामागे किती धातू वितळवला? भट्टीत किती चार्ज गेला हे रोजच्या हीटच्या नोंदीवरून कळतं आणि पास झालेल्या मालाचं वजन डिस्पॅचला कळतं. दोन्ही नोंदी बहुतेक ठिकाणी असतातच, फक्त कुणी त्या एकमेकींशेजारी ठेवलेल्या नसतात.

हा आकडा दोन गोष्टींवर ठरतो. पहिली यील्ड, म्हणजे ओतलेल्या धातूपैकी प्रत्यक्ष कास्टिंगमध्ये किती गेला आणि रनर-रायझरमध्ये किती. दुसरी रिजेक्शन. यील्ड 60 टक्के आणि रिजेक्शन 8 टक्के असेल तर एक टन चांगल्या मालासाठी साधारण 1,812 किलो धातू ओतावा लागतो. यील्ड 66 वर आणली आणि रिजेक्शन 4 वर, तर 1,578 किलो. फरक 234 किलोंचा. वितळवायला टनामागे 600 युनिट लागतात असं धरलं तर प्रत्येक चांगल्या टनामागे 140 युनिट वाचले. महिन्याला शंभर टन माल काढणाऱ्या कारखान्यात ते 14,000 युनिट होतात. शिवाय तेवीस टन धातू कमी वितळवावा लागला, म्हणजे तेवढा वेळ भट्टी मोकळी झाली. नवी भट्टी घ्यायला बँकेत जायच्या आधी ही आकडेमोड जरूर करा.

यात पिगिंग धरायला विसरू नका. साचे कमी पडले किंवा लॅडलमधला धातू थंड झाला की तो जमिनीवरच्या खड्ड्यात ओतून मोकळं व्हायचं, ही अनेक ठिकाणची पद्धत आहे. तो धातू ना रिजेक्शनमध्ये दिसतो ना रनर-रायझरमध्ये. एक पाळी त्याचं वेगळं वजन करून बघा.

यील्ड वाढवणं हे मुख्यतः मेथडिंगचं काम आहे. रायझरवर इन्सुलेटिंग किंवा एक्झोथर्मिक स्लीव्ह लावली तर लहान रायझरही पुरतो, एका बॉक्समध्ये जास्त नग बसवता येतात, आणि सॉलिडिफिकेशनचं सिम्युलेशन करून रायझर कुठं गरजेचा आणि कुठं भीतीपोटी ठेवलेला, ते कळतं. जुन्या पॅटर्नवर असे भीतीपोटी ठेवलेले रायझर खूप असतात. दहा वर्षांपूर्वी एकदा श्रिंकेज आलं, कुणीतरी रायझर मोठा केला आणि तो तसाच राहिला. मात्र वाहन उद्योगाला माल देत असाल तर गेटिंग किंवा रायझर बदलण्याआधी ग्राहकाची लेखी मंजुरी लागते. ती यायला वेळ लागतो, म्हणून जास्त टनेजचे चार-पाच पार्ट निवडून त्यांचे अर्ज आधी लावून ठेवा.

भट्टी कुणाची वाट बघते?

एक टन लोखंड 1,500 अंशांच्या आसपास न्यायला शास्त्राप्रमाणे सुमारे 400 युनिट ऊर्जा पुरते. इंडक्शन भट्टीवर प्रत्यक्षात 550 ते 650 लागतात, आणि जिथं कारभार ढिसाळ तिथं 700 च्याही वर जातात. मधला काही भाग कॉइलमध्ये आणि थंड करण्याच्या पाण्यात जाणारच, तो टळत नाही. पण बराच भाग वाट बघण्यात जातो.

एक दिवस भट्टीजवळ उभं राहून फक्त वेळा लिहा. चार्ज सुरू कधी झाला, धातू तयार कधी झाला, टॅपिंग कधी झालं. मग मधल्या प्रत्येक खंडाचं कारण विचारा. स्पेक्ट्रोचा रिपोर्ट यायचा होता. क्रेन दुसरीकडे अडकली होती. साचे बंद झाले नव्हते. लॅडल तापवलेलं नव्हतं. भंगाराचे मोठे तुकडे भट्टीत बसेनात, म्हणून गॅसकटर शोधत होतो. या प्रत्येक खंडात पातळ लोखंड पॉवर खात धगधगत असतं, आणि झाकण उघडं असेल तर ती उष्णता थेट छताकडे जाते. बहुतेक भट्ट्यांना झाकण असतं. ते बाजूला पडलेलं असतं, कारण त्याची उचलायची साखळी तुटलेली असते किंवा ते वाकलेलं असतं. ते दुरुस्त करायला हजारांत खर्च येतो आणि त्याचा परिणाम पुढच्याच बिलात दिसतो.

थंड लॅडलचा खर्चही असाच लपलेला असतो. लॅडल धातूचं तापमान खेचून घेणार हे ठाऊक असल्यामुळे भट्टीवाला पन्नास अंश जास्त तापवतो. टनामागे त्याला सुमारे पंधरा युनिट जास्त लागतात, लायनिंग लवकर जातं, आणि एवढं करूनही शेवटच्या साच्यांत धातू गार होऊन मिसरन किंवा कोल्ड शट येतो. लॅडल नीट तापवा, त्यावर झाकण ठेवा आणि ओतायचं अंतर कमी करा. बऱ्याच शेडमध्ये ओतायची जागा भट्टीपासून लांब असण्याचं कारण एवढंच, की पूर्वी तिथं कपोला होता.

रनर-रायझर भट्टीत टाकताना त्यांना चिकटलेली रेतीही आत जाते. रेती वितळवायलाही वीज लागते, तिचा स्लॅग होतो, तो काढायला झाकण उघडावं लागतं, आणि स्लॅग लायनिंग खातो. चार्ज करण्याआधी रनर एकदा शॉटब्लास्टमधून किंवा साध्या टम्बलिंग बॅरलमधून काढले तर हे सगळं टळतं. गंजकं, तेलकट भंगार पाच-सात टक्के स्वस्त मिळतं म्हणून घेणाऱ्यांनी त्यातून प्रत्यक्ष किती धातू हाती येतो, ते एकदा वजनानं पडताळावं. कोल्हापूरच्या पावसात भंगार उघड्यावर ठेवणं तर जिवाशी खेळ आहे. ओलं भंगार पातळ धातूत गेलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून बाहेर येतो. भंगारावर छप्पर घालण्याचा खर्च बचतीच्या हिशेबात बसतो की नाही हा प्रश्नच विचारू नये. ते घालायचंच.

महावितरणच्या बिलाबद्दल थोडक्यात. उच्चदाब ग्राहकांना 2020 पासून केव्हीएएचवर बिल येतं, त्यामुळे पॉवर फॅक्टर घसरला की युनिटच वाढतात. दिवसाच्या वेळेनुसार दर बदलतो, आणि हे टप्पे नियामक आयोगाच्या आदेशाबरोबर बदलत राहतात. रात्रीची वीज स्वस्त असं धरून वर्षानुवर्षं रात्रपाळी लावणाऱ्यांनी ताजं बिल समोर घेऊन कुठल्या तासाला खरोखर सवलत आहे ते बघावं, आणि मगच वितळवायच्या वेळा ठरवाव्यात.

दोष ज्या दिवशी होतो त्या दिवशी

रिजेक्शनचा अहवाल बहुतेक ठिकाणी महिन्याच्या पाच-सहा तारखेला तयार होतो. त्यात लिहिलेलं असतं: ब्लो होल 38 टक्के, सँड ड्रॉप 22 टक्के, मिसमॅच 9 टक्के. तोवर त्या दिवशीची रेती, तो पाऊस, तो मोल्डर, ती हीट, सगळं विरून गेलेलं असतं. ब्लो होल कशामुळे आला याची पाच-सहा कारणं असू शकतात. रेतीत ओल जास्त असेल, रेतीची परमिएबिलिटी कमी झाली असेल, कोअर नीट भाजला नसेल, व्हेंट बुजला असेल, धातू थंड ओतला असेल. महिन्यानंतर यातलं कुठलं, हे कुणीच सांगू शकत नाही. मग बैठकीत "मोल्डिंगवाल्यांनी काळजी घ्यावी" असा ठराव होतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच आकडे येतात.

त्यापेक्षा हे करून बघा. शेकआउटनंतर आणि फेटलिंगनंतर बाद झालेला माल त्याच दिवशी एका ठरलेल्या, उजेडाच्या जागी मांडा. पाळी बदलताना मोल्डिंगचा, कोअरचा, भट्टीचा आणि क्वालिटीचा माणूस तिथं दहा मिनिटं उभा राहील. नग हातात घ्यायचा, दोष कुठल्या बाजूला आहे ते बघायचं आणि त्या दिवशी काय वेगळं झालं ते बोलायचं. खुर्च्या नकोत, प्रोजेक्टर नको. त्यासाठी कास्टिंगवर हीट नंबर आणि तारीख हवीच. ती नसेल तर आधी तेवढं करा.

सगळे दोष एकदम धरू नका. पार्टनुसार आणि दोषानुसार वजन मांडलं की दिसतं, की पन्नास-साठ पार्टपैकी पाच-सहा पार्टच निम्म्याहून अधिक नुकसान करतात. त्यातला एक पार्ट घ्या, त्याचा एक दोष घ्या आणि तो संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.

टोयोटाच्या ताइची ओनो यांनी "का?" हा प्रश्न पाच वेळा विचारायची पद्धत रुजवली. ती फाउंड्रीला फार शोभते. मिसमॅच का आला? वरचा बॉक्स सरकला. का सरकला? पिन आणि बुशमध्ये खेळ होता. खेळ का झाला? बुश घासली. बदलली का नाही? घासलेली बुश कुणी तपासतच नाही. का? बॉक्सवर नंबर नाहीत, त्यामुळे कुठला बॉक्स शेवटी कधी तपासला याची नोंदच नाही. इथं उत्तर मिळालं: बॉक्सवर नंबर टाका आणि महिन्यातून एकदा गो/नो-गो गेज लावा. पहिल्या "का"वर थांबला असता तर मोल्डरला ओरडून घरी गेला असता.

रेतीकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण ग्रीन सँड फाउंड्रीत दोषांचा मोठा वाटा रेतीतून येतो. ओल साधारण तीन-चार टक्क्यांत राखायची असते. ती सकाळी एकदा मोजून भागत नाही. परतीची रेती 50 अंशांच्या वर गरम असेल तर मिक्सरमध्ये घातलेलं पाणी साच्यापर्यंत पोचेपर्यंत उडतं आणि सकाळी बरोबर असलेली रेती दुपारी कोरडी होते. दुसऱ्या पाळीत रिजेक्शन वाढतं ते बऱ्याचदा यामुळे, आणि दोष दुसऱ्या पाळीच्या माणसांवर जातो. दर तासाला ओल, कॉम्पॅक्टेबिलिटी आणि रेतीचं तापमान एका फळ्यावर लिहा. त्याच फळ्यावर रिजेक्शनचा आकडा लिहा. महिनाभरात नातं आपोआप दिसू लागेल.

ठेका कशावर आहे?

हा भाग अनेकांना आवडणार नाही, तरी लिहितो. आपल्याकडे मोल्डिंगचं काम बऱ्याच ठिकाणी ठेक्यानं दिलेलं असतं आणि ठेका बॉक्सवर किंवा ओतलेल्या वजनावर असतो. साचा चांगला झाला की वाईट, पैसे तेवढेच. अशा व्यवस्थेत माणूस घाई करणारच. सैल रेती फुंकून काढायला, कोअर तपासून बसवायला जी चाळीस सेकंद लागतात, ती त्याच्या मजुरीतून जातात. वर आपण भिंतीवर गुणवत्तेचे फलक लावतो.

ठेका पास झालेल्या नगावर ठेवा, असा सल्ला दिला जातो. तोही अर्धवट आहे. रेती खराब असेल, पॅटर्न झिजलेला असेल, धातू थंड आला असेल, तर मोल्डरनं कितीही जपून काम केलं तरी नग बाद होणार, आणि त्याची मजुरी कापणं हा सरळ अन्याय आहे. माझ्या मते मूळ दर सुरक्षित ठेवावा आणि मोल्डिंगमुळे होणारे दोष, म्हणजे सँड ड्रॉप, मिसमॅच, कोअर सरकणं, कमी झाले की त्या बचतीतला ठरलेला वाटा त्या टोळीला द्यावा. दोष कुणाच्या खात्यावर, हे वर सांगितलेल्या दहा मिनिटांत सगळ्यांसमोर ठरावं.

आज या शेडमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आलेली माणसं मोठ्या संख्येनं काम करतात. फळ्यावरच्या सूचना मराठीबरोबर हिंदीतही हव्यात, आणि शक्य तिथं चांगल्या-वाईट नगाचा खरा नमुनाच टांगावा. साचा का पडतो हे रोज साचा उचलणाऱ्याला सगळ्यांत आधी कळतं. पण त्यानं सुचवलेल्या सुधारणेमुळे एक माणूस वाचला आणि तुम्ही त्या माणसालाच घरी पाठवलं, तर पुढची सूचना तुमच्यापर्यंत कधीच येणार नाही. मोकळ्या झालेल्या हातांना रेती तपासणीत, पॅटर्न दुरुस्तीत, गळती शोधण्यात काम द्या. ही कामं तशीही माणूस नाही म्हणूनच पडून असतात.

मशीनशॉपमधला ढीग

ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले. त्यातला गरजेपेक्षा जास्त उत्पादन हा प्रकार त्यांनी सगळ्यांत घातक मानला, कारण बाकीचे प्रकार त्याच्याच पोटात लपतात. फाउंड्रीला जोडलेल्या मशीनशॉपमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. सीएनसीसमोर एका पार्टचे दोन हजार नग पडलेले, आणि ग्राहकाला आज हवा असलेला पार्ट अजून लावायचा आहे. विचारलं तर उत्तर येतं, "सेटिंगला तीन तास जातात, मग लावलंय तर सगळंच काढून घेतो."

या ढिगाची किंमत फक्त अडकलेल्या भांडवलाची नाही. शेडमध्ये 6,000 नग पडलेले आणि रोज 300 जात असतील, तर आज ओतलेला नग वीस दिवसांनी बाहेर पडणार. त्यात पोरोसिटी असेल तर ती वीस दिवसांनी कळणार, आणि मधल्या वीस दिवसांत त्याच चुकीचे आणखी किती नग झाले असतील याचा विचार करा. ढीग कमी केला की दोष लवकर दिसतो. रिजेक्शन कमी करण्याचा हा एक मोठा मार्ग आहे आणि त्याकडे फार कमी लोक त्या नजरेनं बघतात.

ढीग कमी करायचा तर सेटिंगचा वेळ कमी करावा लागतो. शिगेओ शिंगो यांनी 1969 मध्ये टोयोटात हजार टनी प्रेसचं सेटिंग चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. त्यांची मूळ युक्ती कुठल्याही मशीनला लागू पडते: मशीन थांबलेलं असतानाच करता येईल असं काम वेगळं काढा, आणि मशीन चालू असताना करता येईल ते सगळं आधी उरकून घ्या. तुमच्या सेटरच्या तीन तासांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्याला विचारून, आणि त्याच्यासोबत बसून बघा. फिक्स्चर शोधणं, ॲलन की आणायला जाणं, जॉज बदलणं, इन्सर्ट स्टोअरमधून मिळवणं, पहिला नग तपासायला क्वालिटीच्या माणसाची वाट बघणं, यात निम्म्याहून जास्त वेळ गेलेला दिसेल. पुढच्या जॉबची फिक्स्चर, टूल, प्रोग्रॅम आणि गेज असलेली एक ट्रॉली आधीच भरून मशीनशेजारी आणून ठेवणं, हा पहिल्या आठवड्याचा उपाय झाला. फिक्स्चरला लोकेटिंग पिन आणि सारख्या उंचीचे क्लॅम्प हा पुढचा.

गळणारी हवा

दाबाखालची हवा ही कारखान्यातली सगळ्यांत महाग ऊर्जा आहे. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा बराच मोठा भाग उष्णतेत जातो आणि उपयोगाला थोडाच उरतो. सात बार दाबाला तीन मिलिमीटरच्या एका भोकातून जेवढी हवा गळते, तिला तीन किलोवॅटच्या वर वीज लागते. वर्षाला 6,000 तास धरले तर एका भोकामागे 18,000 युनिट.

सुट्टीच्या दिवशी ही चाचणी करा. सगळी यंत्रं बंद, कुणी हवा वापरत नाही, आणि कॉम्प्रेसर चालू. दाब भरला की तो अनलोड होईल, गळतीमुळे दाब उतरला की पुन्हा लोड होईल. दोन्ही वेळा पाच-सहा फेऱ्या मोजा. लोडची वेळ दीड मिनिट आणि अनलोडची साडेतीन मिनिटं आली, तर दीड भागिले पाच, म्हणजे 30 टक्के हवा नुसती गळते आहे. ही रीत लोड-अनलोड पद्धतीच्या कॉम्प्रेसरला चालते, व्हेरिएबल स्पीडच्या नाही. मग साबणाचं पाणी घेऊन निघा. होजचे क्लॅम्प, क्विक कपलिंग, ड्रेन कॉक आणि बंद पडलेल्या मशीनकडे जाणारी उघडी लाइन इथंच बहुतेक गळती सापडते. गळती थांबली की दाब एक बारनं उतरवून बघा. विजेत सहा-सात टक्के फरक पडतो. आणि कपडे झाडायला एअर गन वापरणं बंद करा. ते डोळ्यांना आणि कानांना धोक्याचं आहे.

कुठून सुरू करायचं

पहिले दोन आठवडे फक्त वजन आणि नोंद. काहीही बदलू नका. भट्टी, कॉम्प्रेसर आणि सँड प्लांट यांना वेगळे मीटर लावा. तिसऱ्या आठवड्यात कॉम्प्रेसरची गळती आणि भट्टीचं झाकण ही दोन कामं उरका, कारण त्यांचा परिणाम लगेच दिसतो आणि लोकांचा विश्वास बसतो. त्याबरोबरच सर्वांत जास्त नुकसान करणारा एक पार्ट निवडून रोजची दहा मिनिटांची भेट सुरू करा. सेटिंग आणि ठेक्याचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घ्या.

आपले आकडे शेजारच्या कारखान्याशी ताडून बघायला संकोच करू नका. स्मॅक, गोशिमा, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आणि इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनची कोल्हापूर शाखा अशा संस्था इथं आहेत. टनामागचे युनिट आणि रिजेक्शन यांची चर्चा तिथं मोकळेपणानं व्हायला हवी. भाव सांगायची गरज नाही.

बाहेरचा सल्लागार घ्यायचा असेल तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची लीन योजना बघा. मार्च 2023 मध्ये ती नव्या रूपात सुरू झाली. उद्यम नोंदणी असलेल्या कारखान्याला तिच्यात येता येतं. बेसिक, इंटरमीजिएट आणि ॲडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या आहेत आणि वरच्या दोन पायऱ्यांच्या खर्चातला 90 टक्के वाटा सरकार उचलतं. झेड प्रमाणपत्राच्या शुल्कावरही सवलत आहे: सूक्ष्म उद्योगाला 80, लघुला 60 आणि मध्यमला 50 टक्के. अर्ज करताना त्या वेळचे नियम तपासून घ्या. आणि सल्लागार दारात येण्याआधी तीन महिन्यांच्या रोजच्या नोंदी तयार ठेवा: वितळवलेला धातू, पास झालेला माल, पार्टनुसार रिजेक्शन, भट्टीचे युनिट. म्हणजे त्याचे पहिले आठवडे माहिती गोळा करण्यात न जाता थेट शेडमध्ये, रेतीच्या मिक्सरशी आणि भट्टीपाशी जातील.